शंभरचा रोल, चारशेचं चाक

माझ्या मामाच्या स्टुडिओवर एक पाटी होती. वर स्टुडिओचं नाव, खाली बारीक अक्षरांत पत्ता आणि मध्ये लाल रंगात ठसठशीत एक ओळ: 'आजवर एकही फोटो वाया गेलेला नाही.' ओळ मामानेच सुचवली होती. ती खरी होती हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर मी जळते म्हणून बोलते असं वाटायचं. खोटं एवढंच की फोटो वाया न जाण्यात मामाचा हात नव्हता. तो हात मामीचा होता आणि औषधात बुडून बुडून त्याची नखं पिवळी पडली होती.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा सतरा वर्षांची होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझी अडचण कुणाला झाली नाही. पुढे दुकान, दुकानामागे एक खोली, वर राहायची जागा. दुकानात मामा असायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, कानाशी पांढरे होऊ लागलेले केस आणि गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी अलगद वर करायची पद्धत. "जरा हसा, हसायचे वेगळे लावत नाही," हा विनोद तो दिवसातून दहा वेळा करायचा आणि दहाही वेळा स्वतःच आधी हसायचा. मागच्या खोलीत मामी. खोलीच्या खिडकीला आतून काळा कागद चिकटवलेला. आत लाल दिवा, तीन ट्रे, रोल धुवायची टाकी, दोरीवर चिमट्यांना लटकणाऱ्या निगेटिव्ह आणि औषधांचा आंबूस वास. तो वास मामीच्या केसांनाही यायचा. वर्षानुवर्षं येणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना मामाचं लग्न झालंय हेच ठाऊक नव्हतं.

मामा म्हणायचा, "माझं लक्ष माणसाच्या चेहऱ्यावर असतं, आकड्यांवर नाही." हे तो मोठा गुण असल्यासारखं सांगायचा. आम्हीही तसंच समजायचो.

आता त्या आकड्यांचं थोडं सांगायला हवं. त्या काळी रोलच्या डबीवर आकडा छापलेला असायचा. शंभर, दोनशे, चारशे. आकडा जितका मोठा तितका तो रोल उजेडाच्या बाबतीत चटकन पोट भरणारा. थोडक्या उजेडातही त्याचं काम भागायचं. म्हणून उन्हात शंभरचा, घरात चारशेचा. पण आत कुठला रोल भरलाय हे कॅमेऱ्याला आपण सांगावं लागायचं, वरचं एक लहानसं चाक फिरवून. त्या चाकावर विसंबून आतला काटा हलायचा आणि काटा मध्ये आला की बटण दाबायचं. रोल शंभरचा आणि चाक चुकून चारशेवर राहिलं, तर कॅमेऱ्याची समजूत व्हायची की थोडा उजेड पुरे. मग हवा त्याच्या चौथाईच उजेड आत जायचा आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो काळवंडायचे.

मामा चाक फिरवायला विसरायचा. क्वचित कधी नाही, महिन्यातून दोन-तीनदा. एका कार्यक्रमात घरातले फोटो काढून झाले की चारशेचा रोल काढायचा, अंगणात जायचं म्हणून शंभरचा भरायचा, तेवढ्यात कुणीतरी हाक मारायचं आणि चाक आहे तिथेच राहायचं.

तो घरी आला की कॅमेरा टेबलावर टाकून वर चहाला जायचा. मामी आधी चाकावरचा आकडा बघायची, मग रोल काढून डबीवरचा. दोन्ही जुळले तर ठीक. नाही जुळले तर ती क्षणभर ओठ आवळायची, वही उघडायची आणि हिशेब मांडायची. सात मिनिटांत धुवायचा रोल ती टाकीत बारा-तेरा मिनिटं ठेवायची, औषधाच्या उष्णतेवर डोळा ठेवून, अर्ध्या अर्ध्या मिनिटाला टाकी हलवत. कमी उजेड खाल्लेलं चित्र जास्त वेळ औषधात ठेवून वर काढता येतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दहा रोल बिघडवून ती स्वतःच शिकली होती आणि ते दहा रोल तिच्या माहेरच्या माणसांच्या फोटोंचे होते. मामाचा तिने एकही बिघडवला नाही.

"तू त्याला सांगत का नाहीस?" मी एकदा विचारलं.

"काय सांगू? रोल निघाला ना चांगला?"

"पण त्याला कळायला नको?"

"कळलं असतं तर बोलले असते गं," मामी म्हणाली. "मनाने वाईट नाहीत ते. माहीतच नाही, तर बोलणार कुठून?"

हे वाक्य मी पुढे वीसेक वर्षं ऐकलं. तिचा संसार या वाक्यावरच उभा होता असं म्हटलं तरी चालेल.

मी राहायला आले त्याच वर्षी गावाबाहेरचा कापड कारखाना बंद झाला. शेवटच्या पाळीचे कामगार फाटकातून बाहेर पडतानाचे फोटो एका वर्तमानपत्राने मामाकडे मागितले. तो संध्याकाळी बसने परत आला, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि चहा न घेताच वर जाऊन पडला. मामीने चाक बघितलं. चारशे. डबी बघितली. शंभर. त्यात आभाळ दाटलेलं, उजेड आधीच अर्धा. मी तिच्या शेजारी उभी होते. टाकी हलवताना ती पुटपुटत होती, "चारशे माणसांची शेवटची पाळी आहे, परत कोण जमवणार त्यांना." चौदा मिनिटं झाली तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला होता.

फोटो निघाले. पण एवढं ताणल्यावर त्यांचं रूप बदललं होतं. सावल्या कोळशासारख्या काळ्या, चेहऱ्यांवर जाडसर दाणे उठलेले, जणू माणसं रेतीची केली होती. वर्तमानपत्राने एक पहिल्या पानावर छापला. पुढे तो कुठल्या कुठल्या प्रदर्शनात गेला, कॅलेंडरवर आला. जाणकार लोक दुकानात येऊन म्हणायचे, "काय दाणा आणलाय हो! काय काळोख आहे!" मामा सुरुवातीला नुसता गप्प बसायचा. मग मान डोलवू लागला. वर्षभरात तो 'मी मुद्दाम'वर आला आणि तिथून परत कधी खाली उतरला नाही.

पुढे मला नोकरी लागली, मी दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. रोल बंद झाले. मागच्या खोलीतला काळा कागद निघाला आणि पंचवीस वर्षांनी त्या खिडकीतून ऊन आत आलं. तिथे संगणक बसला. मामाने नवा डिजिटल कॅमेरा आणला आणि पहिल्याच दिवशी त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली. "काढायचा आणि लगेच वाकून बघायचा, हे काय फोटोग्राफरचं काम आहे? ज्याला आपल्या डोळ्यांवर भरवसा नाही त्याने बघावं." गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं. खरी गोष्ट अशी की त्याला आता जवळचं दिसत नव्हतं आणि चारचौघांत चष्मा लावायची त्याला लाज वाटायची. आतला काटाही दिसत नव्हता. तो जुने आकडे मनाने लावायचा: उन्हात शटर एकशे पंचवीसला आणि भिंगाचं तोंड सोळावर, हॉलमध्ये साठ आणि दोन-आठ. रोल गेला म्हणजे रोलचा आकडाही गेला अशी त्याने समजूत करून घेतली. "रोलच नाही तर शंभर कसले आणि चारशे कसले!"

पहिल्याच हॉलमधले फोटो काळेकुट्ट आले. मामीने संगणकावर धडपडून ते उजळले आणि रविवारी मला बोलावून घेतलं. "ते पुस्तक वाचून दाखव मला."

कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक मी मोठ्याने वाचू लागले. आयएसओ या प्रकरणाशी आले तेव्हा मीच अडखळले, पण मामी अडखळली नाही. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत एक पांढरा वाडगा ठेवला. बाकी काही हलवायचं नाही, फक्त आयएसओचं बटण दाबून चाक एकेक घर पुढे न्यायचं आणि फोटो काढायचा. शंभरला वाडगा अंधारात बुडालेला. दोनशेला कड दिसली. चारशेला वाडगा वाडग्यासारखा. आठशेला लख्ख. सोळाशेला त्याची कड भिंतीत विरघळली आणि बत्तीसशेला वाडगाही नाही, भिंतही नाही, नुसता पांढरा चौकोन.

"म्हणजे आकडा दुप्पट, की उजेडाची किंमत दुप्पट," मामी म्हणाली. "आणि रोल न बदलताच रोल बदलतो." मग तिने खिडकीचा पडदा ओढला, अंधारात बत्तीसशेला एक फोटो काढला आणि संगणकावर मोठा करून त्याच्याजवळ नाक नेलं. "हे बघ. दाणे इथेही आहेतच. फुकट काही मिळत नाही." एका दुपारीत तिला सगळं कळलं होतं. मी शिकवतेय असं मला उगीच वाटत होतं.

त्यानंतर रोज सकाळी चहाचा कप देताना मामी विचारायची, "आज कुठे?" आणि मामा अगदी बारकाईने सांगायचा. "शाळेचा हॉल. खिडक्या उत्तरेला आहेत, पडदे जाड." किंवा, "मैदान. दुपारी बारा." मला ते ऐकून फार बरं वाटायचं; उतारवयात का होईना, बायकोशी कामाचं बोलतो. तो अंघोळीला गेला की मामी बॅग उघडून आयएसओ लावून ठेवायची. ज्या दिवशी आत आणि बाहेर दोन्ही फोटो असतील त्या दिवशी मामा तिला बरोबर न्यायचा. बॅग धरायला. मधेच म्हणायचा, "हा धर जरा, मी पाणी पिऊन येतो," आणि कॅमेरा तिच्या हातात द्यायचा. परत यायचा तेव्हा आकडा बदललेला असायचा. पाटीवरची ओळ अशी खरी राहिली.

मग फोटोग्राफरांच्या संघटनेने मामाचा सत्कार करायचं ठरवलं. आठ दिवस आधी रात्रीच्या जेवणानंतर मामा मोठ्या मनाने म्हणाला, "या वेळी स्टेजवरून तुझं नाव घेणार आहे मी. बघच तू."

मामीने वर पाहिलं नाही. "काहीतरीच," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती लिंबाच्या फोडीने नखं घासत बसली होती. पिवळेपणा काही जात नव्हता. "टाळ्या वाजल्या तर उभं राहायचं असतं का गं?" तिने मला विचारलं. "की नुसतं बसूनच मान हलवायची?" मी म्हटलं, उभी राहा. तिने दोन-तीनदा खुर्चीतून उठून बघितलं. हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. शेवटी ठरलं, हात बॅगेच्या पट्ट्यावर ठेवायचे. माझी मामी पन्नाशी उलटल्यावर आपलं नाव ऐकायची तालीम करत होती आणि मला तेव्हा हसू आलं, याची मला आज लाज वाटते.

हॉल भरला होता. आम्ही दुसऱ्या रांगेत. मामीच्या मांडीवर कॅमेरा, कारण सत्कार झाल्यावर सगळ्या सभासदांचा फोटो मामानेच काढायचा असं ठरलं होतं. स्टेजवर मागे तो कारखान्याचा फोटो भिंतभर मोठा करून लावलेला. मामा बोलायला उभा राहिला आणि त्याने त्या फोटोकडे हात केला.

"लोक मला विचारतात, हा दाणा कुठून आणला? आज सांगून टाकतो. आत रोल शंभरचा होता. मी मुद्दाम चाक चारशेवर ठेवलं. धोका होता, सगळं हातचं जाऊ शकलं असतं. पण माणसाला आपल्या हातावर विश्वास पाहिजे."

टाळ्या. मामी कान देऊन बसली होती. तिचे हात पट्ट्यावर गेले होते, तयार. मामाने आईवडिलांचे आभार मानले, गुरूंचे मानले, संघटनेचे, हॉलच्या मालकाचे, मांडणी करणाऱ्यांचे मानले आणि खाली बसायला वळला. अध्यक्ष भले होते. त्यांनी माइक पुढे करून म्हटलं, "वहिनींबद्दल दोन शब्द?"

"आमची ही?" मामा हसला, अर्थात आधी. "माझ्या चहात साखर किती लागते ते तिला विचारा. कॅमेऱ्याचं मला विचारा!"

हॉल खदखदून हसला. पहिल्या रांगेतले लोक वळून मामीकडे बघू लागले, म्हणून तीही हसली. मग तिने पट्ट्यावरचे हात काढून घेतले.

फोटोसाठी सगळे बाहेर पायऱ्यांवर गेले. रणरणतं ऊन. सत्काराआधी मामाने हॉलमध्ये दोन-चार फोटो काढले होते, त्यासाठी मामीने सकाळीच आयएसओ सोळाशेवर नेला होता. दाराशी येताच मामा थांबला, कॅमेरा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा धर जरा, मी यांना नीट उभं करतो." तो पायऱ्या उतरून लोकांना पुढेमागे करू लागला, हनुवट्या वर करू लागला. मी मामीच्या बाजूलाच होते. तिचा अंगठा बटणावर गेलेला मी बघितला. चार घरं मागे, शंभरवर, एवढंच काम होतं. अंगठा तिथे राहिला. मग तिने तो उचलला आणि कॅमेरा होता तसाच मामाला नेऊन दिला.

"तूही ये की फोटोत," कुणीतरी म्हणालं. ती आली नाही. सगळ्यांच्या मागे, हॉलच्या दारात, आतल्या सावलीत जाऊन उभी राहिली. मी घाबरले होते, पण खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला होता. मामाने एकशे पंचवीस आणि सोळा लावलं आणि वीस फोटो काढले. पडद्यावर चिकटपट्टी होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम ऑफिसला रजा टाकून दुकानात गेले. मामीने कार्ड संगणकात घातलं. बाहेरचा पहिला फोटो उघडला. पायऱ्या नव्हत्या, आभाळ नव्हतं, साठ माणसं नव्हती. कुठे एखादा काळा बूट, एखाद्याची गडद टाय आणि बाकी सगळं त्या वाडग्यासारखं पांढरंशुभ्र. फक्त मधोमध हॉलचं दार उमटलं होतं, आणि दारात मामी. तिच्यापुरता उजेड अगदी बेताचा झाला होता. कपाळावरची आठी, भांगातले पांढरे केस, खांद्यावरची बॅग, सगळं इतकं स्वच्छ की हात लावावा. मामीचा इतका चांगला फोटो कुणी काढला नव्हता. खरं म्हणजे तिचा कुणी काढलाच नव्हता. वीसही फोटोंत तेच.

मामा आला. घरात होता म्हणून चष्मा लावलेला. तो खुर्चीमागे उभा राहून बराच वेळ बघत राहिला. मी वाट बघत होते, आता कॅमेऱ्याला शिव्या देईल, कंपनीला देईल, उन्हाला देईल. आणि मग मामी बोलेल. मला तेच ऐकायचं होतं.

मामा म्हणाला, "काल बाहेर येताना शंभरवर नाही आणलंस?"

मीठ टाकलं नाहीस का, असं विचारावं त्या आवाजात.

मामीने मान वळवली नाही. संगणकाच्या पडद्याकडे बघतच तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय? कॅमेरा तुझ्या हातात नव्हता दिला? चांगली पाच मिनिटं दिला होता."

"कालचं नाही विचारत मी."

मामाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. "कारखान्याच्या वेळी परतताना बसमध्येच आठवलं मला, चाक चारशेवर राहिलं म्हणून. जीव नुसता खाली-वर झाला होता. मग म्हटलं, ती बघेल." मग समजूत घालावी तसं, "त्याच्या आधीही माहीत होतंच की. एवढे रोल कुणाचे आपोआप निघतात का?"

"मग एकदासुद्धा..."

"घरच्या घरात काय बोलून दाखवायचं असतं?" मामा म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याला खरंच नवल वाटत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उत्तरेच्या खिडक्या, जाड पडदे, पाणी पिऊन येतो, हा धर जरा. तो बायकोशी गप्पा मारत नव्हता, कामं सांगत होता. आणि मामी इतकी वर्षं त्याला माहीत नाही असं समजून त्याला माफ करत आली होती. त्याने कपाट फोडून दागिने नेले असते तर मला एवढा राग आला नसता.

मामा वर गेला. संघटनेला काय सांगायचं ते तो फोनवर सांगताना ऐकू येत होतं. कार्ड खराब निघालं म्हणे. मामीने खुर्ची पुढे ओढली. मग तिने एकेक फोटो पुसून टाकायला सुरुवात केली. मी तिचा हात धरला.

"एक तरी ठेव. तुझा किती छान आलाय!"

"मी सावलीत उभी होते म्हणून आलाय," मामी म्हणाली. "काढला कुणीच नाही." आणि तिने विसावाही पुसला.

त्याच्या पुढच्या दिवशी मी ऑफिसला जाताना दुकानावरून गेले. वर ती लाल ओळ तशीच होती. आतून जिन्याखाली उभा राहून मामा वर ओरडत होता, "अगं, आज बँकेचा हॉल आहे. खिडक्या नाहीत, नुसत्या ट्यूबलाइट आहेत. ऐकलंस का? ट्यूबलाइट!" कॅमेऱ्याची बॅग त्याने खालच्या पायरीवर, तिला सापडेल अशी ठेवली होती.

वर स्वयंपाकघराच्या खिडकीत मामी भांडी घासताना दिसत होती. तिने नळ मोठा केला.